घोड्यांच्या ट्रकची बॅटरी कोण पितं?

१

लाकडी घोड्यांच्या चक्राचा ट्रक त्या मोसमात पुन्हा एकदा मुक्कामावरच मेला, तेव्हा आक्कांची खात्रीच पटली, की हे काम घरातल्याच कुणाचं तरी आहे.

कुणी डिझेल चोरलं नव्हतं, चाकातली हवा काढली नव्हती. नुसती बॅटरी गेली होती. जावयांनी किल्ली फिरवली, तर इंजिनानं हूं की चूं केलं नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेवढा मिणमिणला आणि विझला. मागे सगळं चक्र सुटं करून रचलेलं होतं. घोडे गोधड्यांत गुंडाळलेले, खांब दोरखंडानं आवळलेले, जनरेटर कोपऱ्यात बसवलेला. माणसं तयार, माल तयार, आणि ट्रक रुसलेल्या हत्तीसारखा ढिम्म.

आणि नेमकं आजच. पुढच्या शहरात मुलांसाठी नवी बाग उघडायची होती. उद्या सकाळी फाटक उघडलं, की पहिली फेरी आक्कांच्या घोड्यांची, असं ठरलं होतं. नाही पोचलो तर दुसरा एक पाळणेवाला टपून बसलाच होता.

बॅटरी जुनी म्हणावं, तर मोसमाच्या मध्यावर दोन्ही बॅटऱ्या नव्या घेतल्या होत्या. त्याही बसल्या. चार्जिंग करणारा डायनॅमो तपासून झाला होता. तो ठणठणीत होता. बरं, रोज हे घडतं असंही नाही. खेळ लागला की ट्रक काही दिवस जागचा हलत नसे. मग निघायच्या दिवशी एका गावी कण्हतकुंथत का होईना सुरू व्हायचा, आणि दुसऱ्या गावी साफ मेलेला सापडायचा.

संशय घ्यायला माणसं तरी किती? जावई ट्रक चालवत. आक्कांची लेक चक्राची कळ सांभाळी. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, रंगारी होते. घोडे रंगवणं आणि नव्या जागी चक्र उभारणं ही त्यांची कामं. चौथे भातेकाका. ते अकॉर्डियन वाजवत. भात्यासारखं ते वाद्य दिवसभर छातीशी असे, म्हणून भातेकाका. खेळ चालू असेपर्यंत ट्रकच्या रिकाम्या हौद्यात त्यांची पथारी पडायची.

लेक म्हणजे आपलं रक्त, ती सुटली. भाऊजींना ट्रकची किल्ली कुठं टांगलेली असते हेही ठाऊक नव्हतं. भातेकाका ट्रकमध्ये झोपत खरे, पण त्यांना साधा बल्ब बदलायची भीती. उरले जावई. आणि जावई हल्ली संध्याकाळी एकटेच केबिनमध्ये जाऊन बसत, काचा वर करून. आक्कांनी हे पाहिलं होतं. विचारलं मात्र नव्हतं.

एरवी आक्कांचं बोलणं म्हणजे उघडा चाकू. पण जावयाला टाकून बोलायचं नसतं, असं त्यांच्या आईनं त्यांना बजावलं होतं. त्यामुळे मोसमभराचा राग पोटातच राहिला होता आणि आक्कांना पित्ताचा त्रास सुरू झाला होता. त्यांनी जावयांशी बोलणंच कमी केलं. बोलल्या तरी, "ज्याच्या हातात किल्ली, त्यानं बघावं बाई," असं कुठंतरी आभाळाकडे पाहून बोलत. जावई ते ऐकत आणि पुन्हा एकदा बॅटरीचं पाणी तपासायला जात.

गावातल्या ट्रॅक्टरनं ट्रकला दोर बांधला आणि ओढत ओढत खालच्या रस्त्यावरच्या गॅरेजकडे नेला. आक्का मागून चालताना भाऊजींच्या कानाशी लागल्या.

"आज छडा लागणारच. मग मान कुणाची का असेना."

असं म्हणताना त्यांची नजर गेली, ती केबिनच्या खिडकीतून दिसणाऱ्या जावयांच्या मानेकडे.

२

गॅरेज एका बाईचं होतं. मोटारींची आणि ट्रकांची वायरिंग करण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. सगळे तिला ठिणगीबाई म्हणत. अंगानं चांगल्या भरलेल्या, केस वर बांधलेले, खिशात भाजलेले शेंगदाणे. हसायच्या तेव्हा अख्ख्या देहानं हसायच्या, आणि हसून झालं की समोरचा माणूस नको ते बोलून गेलेला असायचा.

आक्कांनी त्यांना बाजूला घेतलं आणि हे घरभेद्याचं काम असल्याचं सांगितलं. ठिणगीबाईंनी दाणे सोलत ऐकून घेतलं. माणसांकडे नंतर येऊ, आधी ट्रकला बोलू द्या, म्हणाल्या.

त्यांनी मेलेल्या बॅटऱ्या उतरवून चार्जिंगला लावल्या आणि स्वतःच्या, काठोकाठ भरलेल्या बॅटऱ्या चढवल्या. जावयांनी किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पण कसं, तर साखरझोपेतून उठवलेला माणूस कूस बदलतो तसं. घर्र... घर्र... आणि मग उपकार केल्यासारखं सुरू झालं.

"हे कधीपासून?" ठिणगीबाईंनी विचारलं.

जावयांनी सांगितलं, मोसम सुरू झाल्यापासून. बॅटरी भरलेली असली तरी स्टार्टर आळसटतो. आणखी एक गंमत म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची वायर सारखी जाम होते. दोनदा बदलली. वरचं प्लास्टिक वितळून चिकटलेलं निघतं, जवळपास तापणारं काही नसताना.

ठिणगीबाईंचं दाणे सोलणं थांबलं. त्यांनी इंजिन बंद करवलं आणि मीटरची एक सुई इंजिनाच्या अंगाला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली. पुन्हा किल्ली फिरवायला सांगितली. आकडा पाहून त्या खूश झाल्या. मग ट्रकखाली सरपटत गेल्या आणि खालूनच आवाज आला, "हा ट्रक इतका देखणा कुणी रंगवला?"

भाऊजी छाती काढून पुढे आले. मोसमापूर्वी त्यांनी सगळा ट्रक निळा केला होता, त्यावर सोनेरी वेली काढल्या होत्या, आणि कुणी बघत नाही म्हणून खालची चासीही सोडली नव्हती. इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याची जाड पट्टीसुद्धा त्यांनी सोडवली, तिच्याखालची जागा घासली, रंगाचे दोन हात दिले आणि वाळल्यावर पट्टी होती तशी बसवली. अर्धवट काम आपल्याला जमत नाही, असंही त्यांनी सांगितलं.

ठिणगीबाई बाहेर आल्या. "भाऊजी, इतकं नीटनेटकं नुकसान मी आजवर पाहिलं नव्हतं."

मग त्यांनी सगळ्यांना समजावलं. वीज बॅटरीतून निघते, स्टार्टर फिरवते, आणि इंजिनाच्या अंगावरून त्या पट्टीतून, मग चासीतून बॅटरीकडे परत येते. जाण्याइतकीच परतीची वाटही मोकळी लागते. पट्टीखाली रंग म्हणजे त्या वाटेत घातलेली भिंत. मग वीज मिळेल त्या बोळात घुसते. अ‍ॅक्सिलरेटरची वायर हा तसा बोळ. एवढी गर्दी तिला कुठून सोसणार? ती तापते आणि वितळते. आणि स्टार्टरला मिळते उरलीसुरली वीज.

पट्टीखालचा रंग खरवडला, धातू चकचकीत केला, बोल्ट आवळला. या वेळी किल्ली फिरवताच इंजिन असं झटक्यात गरजलं, की भातेकाका दचकून मागे सरले आणि लेकीनं टाळ्या पिटल्या. भाऊजी कान पकडून उभे होते. आक्कांना हायसं वाटलं. दिराला रागवायला कसली आडकाठी नव्हती. त्यांनी तोंड उघडलं.

"थांबा आक्का," ठिणगीबाई म्हणाल्या. "रंग वाट अडवतो. रंग बॅटरी पीत नाही. तुमच्या बॅटऱ्या मी आत्ता पाहिल्या, पार कोरड्या घशाच्या आहेत. चोर दोन आहेत. एक सापडला. दुसरा अजून इथंच आहे."

३

दुसऱ्या चोरासाठी ठिणगीबाईंनी मीटर बॅटरीच्या वाटेतच बसवला. ट्रक बंद, दिवे बंद, दारं लावलेली. अशा वेळी कुणी चोरून वीज पीत असेल, तर आकडा चुगली करतो. सगळे वाकून पाहू लागले.

आकडा शून्याला चिकटून राहिला. डॅशबोर्डवरच्या घड्याळाला लागते तेवढी चिमूटभर वीज, बाकी काही नाही.

"म्हणजे तारा निर्दोष," आक्का हळूच म्हणाल्या. "माझं ऐका. हे माणसाचंच काम."

ठिणगीबाईंनी मान डोलावली आणि एक स्टूल ओढून पुढच्या चाकापाशी मांडलं. एकेकाला बोलावलं. आक्का जराशा अंतरावर, ऐकू येईल अशा बेतानं, टायर निरखत उभ्या राहिल्या. पण त्यांना वाटलं होतं तसं काही विचारलंच जाईना.

भातेकाकांना विचारलं, झोप लागते का? झालं, काकांची तक्रारपेटी उघडली. म्हणाले, हौद्यात झोपणं म्हणजे शिक्षा. मागच्या एका मुक्कामी, गिरणीच्या मैदानात, कसंही लोळा, काही वाटत नव्हतं. पण इथं पाण्याच्या टाकीखाली मागच्या फळीकडे डोकं केलं, तर सगळं रक्त डोक्यात उतरलं. मग केबिनकडे उशी नेली, तेव्हा कुठं डोळा लागला. धरणाच्या गावीही हीच तऱ्हा. आणि नाही हो बाई, मी कुठलीही कळ दाबत नाही, माझी आपली टॉर्च आहे.

भाऊजींना विचारलं, चक्र उभारायला कुठं जास्त मेहनत पडली? भाऊजी म्हणाले, जमीन सपाट नसेल तिथं. चक्र पाण्यासारखं समतल बसावं लागतं, नाहीतर घोडे अडखळतात. गिरणीच्या मैदानात एकही पाचर लागली नाही. धरणाच्या गावी आणि इथं मात्र एका बाजूनं पाचरींचा ढीग घालावा लागला.

मग ठिणगीबाईंनी आक्कांनाच हाक मारली. आक्कांना ते मुळीच आवडलं नाही.

"मला काय विचारायचंय? मी तर ट्रकच्या किल्लीला हात लावत नाही."

"किल्लीचं नाही विचारत. यंदा तुमचं स्वतःचं काही बिघडलं का? काहीही. बारीकसारीक."

आक्कांनी आठवून पाहिलं. केबिनच्या मागे, ताडपत्रीखाली त्यांची एक लांब पेटी होती. घोड्यांची मखमली खोगिरं, घुंगुर, लगाम प्रवासात त्या पेटीत असत, आणि तिची किल्ली आक्कांच्या कमरेला. खेळ लागला की खोगिरं घोड्यांवर चढत आणि पेटीत आक्कांचं किडुकमिडुक तेवढं राही. त्यातला एक कंगवा यंदा वेडावाकडा झाला होता, सापानं पीळ द्यावा तसा. ऊनच इतकं तापतं हल्ली, असं आक्का म्हणाल्या.

"ताडपत्रीखाली?" ठिणगीबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता जावयांना बोलावलं.

जावयांना घेऊन मात्र त्या पार गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. आक्कांना एक शब्द ऐकू येईना. जावई मान खाली घालून बोलत होते. बराच वेळ बोलत होते. शेवटी ठिणगीबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आक्कांनी लेकीचा हात घट्ट धरला. कबूल झाले, त्यांना वाटलं, आणि नवल म्हणजे त्यांना जराही आनंद झाला नाही. आता या पोरीचं काय, एवढंच मनात आलं.

ठिणगीबाई परत आल्या, त्या दोन जाड लाकडी ठोकळे काखेत मारून. त्यांनी ते पुढच्या चाकांसमोर टाकले.

"जावई, ट्रक यांच्यावर चढवा. मला त्याचं नाक वर करायचंय."

४

ट्रक गुरगुरत ठोकळ्यांवर चढला. जावयांनी इंजिन बंद केलं, खाली उतरून दार लावलं, चाकांना दगड लावले आणि हात वर करून उभे राहिले, जादूगारानं रिकामे तळवे दाखवावेत तसे. ट्रकमध्ये आता कुणीही नव्हतं. ठिणगीबाईंनी मीटर पुन्हा जोडला.

आकडा टुणकन उडी मारून वर गेला आणि तिथंच ठाण मांडून बसला.

ठिणगीबाईंनी ट्रक खाली घ्यायला लावला. आकडा शून्य. पुन्हा वर. आकडा वर. भातेकाकांनी घाम पुसला.

"नाक वर केलं की पितो," ठिणगीबाई म्हणाल्या. "सपाट जागी उपाशी. काकांची उशी जिथं जिथं केबिनकडे गेली, भाऊजींच्या पाचरी जिथं जिथं लागल्या, तिथं तिथं तुमची बॅटरी मेली. बरोबर?"

लेकीनं बोटांवर गावं मोजली आणि हो म्हणाली. जावई म्हणाले, चढाच्या जागी ट्रक नाक वर करूनच लावावा लागतो, कारण मागची फळी चक्राकडे आली तरच घोडे उतरवता येतात. मग दिवसचे दिवस तो तसाच.

आता एकेक फ्यूज काढायला सुरुवात झाली. ज्या फ्यूजबरोबर आकडा पडेल, त्या घरात चोर. सगळे फ्यूज काढून झाले. आकडा हलला नाही.

"म्हणजे पुढच्या दारानं आलाच नाही," असं म्हणत ठिणगीबाईंनी बॅटरीच्या खोक्यात डोकं घातलं आणि नखानं निळा रंग खरवडायला घेतला. रंगाखालून एक बारीक तार निघाली. थेट बॅटरीवर चढणाऱ्या जाड केबलच्या टोकाला पिळलेली, मध्ये फ्यूज नाही, काही नाही. भाऊजींनी चासी आणि केबलबरोबर तीही रंगवून टाकली होती, म्हणून बॅटऱ्या बदलतानाही कुणाला दिसली नव्हती. तार चासीला चिकटून पुढे गेली, वर वळली, ताडपत्रीखाली शिरली आणि एका लांब पेटीत जाऊन नाहीशी झाली.

सगळ्यांच्या नजरा आक्कांच्या कमरेकडे वळल्या.

आक्कांनी किल्ली काढली, पण कुलपाला लावली नाही. त्यांना आठवलं होतं. पहाटे नव्या गावी पोचलं की घोडे सजवताना पेटीत काही दिसत नसे. मोसम सुरू होण्यापूर्वी, ट्रक रंगवायला घेण्याआधी, बाकीचे बाजारात गेले असताना त्यांनी एका फिरत्या वायरमनकडून पेटीच्या झाकणाला आतून दिवा लावून घेतला होता, चांगला मोठा. झाकण उचललं की दिवा आपोआप लागतो, म्हणून त्या केवढ्या खूश झाल्या होत्या. पेटी आपली, तेव्हा कुणाला सांगायची गरजही वाटली नव्हती. आता मात्र त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"उघडल्यावर दिवा लागणारच," भातेकाका म्हणाले. "त्यात काय कळणार?"

"उघडल्या उघडल्या बल्बजवळ हात न्या," ठिणगीबाई म्हणाल्या. "आत्ता लागलेला दिवा गार असतो."

आक्कांनी झाकण उचललं आणि लगेच हात मागे घेतला. बल्ब तव्यासारखा तापला होता. त्याच्यासमोरच्या खोगिराच्या मखमलीवर एक गोल करपट डाग होता.

झाकणातली कळ तराजूसारखी होती. झाकण कललं की आतला पाऱ्याचा थेंब घरंगळायचा आणि दिवा लागायचा. पण वायरमननं ती इतकी हळवी बसवली होती, की सगळा ट्रकच कलला, तरी तिला वाटायचं झाकण उघडलं. मग कुलूपबंद पेटीत दिवा दिवसरात्र जळत बसायचा.

"चोर पेटीत, आणि पेटीची किल्ली पोलिसाच्या कमरेला," ठिणगीबाई म्हणाल्या आणि देह गदगदवून हसू लागल्या. भाऊजी हसले, लेक हसली, भातेकाकांना तर ठसका लागला.

जावई तेवढे हसले नाहीत.

५

ठिणगीबाईंनी ती कळ काढून, झाकण मिटलं की दाबली जाईल अशी साधी कळ बसवली, तारेला फ्यूज घातला, आणि चार्ज झालेल्या बॅटऱ्या परत चढवल्या. तोवर आक्का ट्रकच्या सावलीत एकट्याच उभ्या होत्या. मग त्या सरळ जावयांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आभाळाकडे न पाहता.

"जावईबापू, तुम्ही संध्याकाळी केबिनमध्ये बसून काय करता?"

जावयांनी एकदा बायकोकडे पाहिलं. "फोन करत होतो. सिमेंटच्या कारखान्यात ड्रायव्हर हवेत. त्यांनी बोलावलंय."

कारखाना, पगार, पक्कं घर. त्यात वाईट काहीच नव्हतं. वाईट होतं ते एवढंच, की या माणसाला घोडे आवडत. पाऊस आला की स्वतः भिजून तो त्यांच्यावर ताडपत्री ओढायचा.

"माझ्यामुळे?"

जावई हातातल्या किल्लीकडे पाहू लागले.

"मी तुम्हाला चोर समजत होते," आक्का म्हणाल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, आणि आवाज खाली आणला नाही. "तोंडावर बोलले असते, तर तुम्ही तोंडावर उत्तर दिलं असतंत. मी मोसमभर टोमणे मारले. माझं चुकलं. आता तुम्हाला जायचं असेल, तर मी अडवणार नाही. पण माझ्या बोलण्याला कंटाळून जाऊ नका. कंटाळायचंच तर ट्रकला कंटाळा."

जावयांनी पायानं एक दगड लोटला. "ट्रकला कसा कंटाळू? आज कुठं तो नीट चालायला लागलाय." मग जरा थांबून म्हणाले, "त्यांना अजून हो म्हटलेलं नाही मी. आता म्हणणारही नाही. पण एक आहे. काही खटकलं, तर सरळ मला विचारायचं. शिव्या दिल्यात तरी चालेल."

"शिव्या?" भाऊजी मध्येच म्हणाले. "विचार करून बोला हो. वहिनींकडे साठा मोठा आहे."

आक्कांनी दिराकडे असं पाहिलं, की तो साठा जागच्या जागी सिद्ध झाला. जावई अखेर हसले, आणि हसता हसता केबिनमध्ये चढले.

संध्याकाळी ऊन कलताना ते बागेशी पोचले. नव्या फाटकापलीकडे मुलं कधीची लोंबकळत होती. भाऊजींनी चक्र उभारलं, आक्कांनी घोड्यांना खोगिरं चढवली. सकाळी फाटक उघडलं, भातेकाकांनी भाता ताणला, लेकीनं कळ ओढली, आणि घोडे निघाले. ते दिवस भरगच्च गेले. मुलं उतरायला तयार नसत आणि त्यांच्या आया रांगेत स्वतःसाठीही जागा धरत.

मुक्काम संपला. ट्रक सगळे दिवस बागेमागच्या चढावर नाक वर करून उभा होता. जावयांनी मुद्दामच तो तिथं लावला होता. निघायच्या सकाळी घोडे चढवून झाल्यावर त्यांनी केबिनचं दार उघडलं आणि आक्कांना वर बसायला सांगितलं. बाजूच्या सीटवर नव्हे, स्टिअरिंगसमोर.

आक्का नाही नाही म्हणत चढल्या. इतकी वर्षं हा ट्रक त्यांचा होता, पण त्या जागेवरून रस्ता कसा दिसतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला. जावई पायरीवर उभे राहून गिअर मोकळा असल्याची खात्री करत होते. खाली भाऊजी, लेक आणि भातेकाका श्वास धरून उभे. आक्कांनी डोळे मिटले, दातओठ खाल्ले आणि जड दरवाजा लोटावा तशी दोन्ही हातांनी किल्ली फिरवली.

स्टार्टर करकरू लागला. आक्का डोळे घट्ट मिटून, सगळा जीव एकवटून किल्ली दाबून बसल्या.

"आई, सोडा आता," जावई खिडकीतून म्हणाले. "केव्हाच सुरू झालाय."